ताईची सारी

मी कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि दरवर्षी एक चूक ठासून शिकवली. ‘सॉरी’ हा शब्द ‘सॉरो’पासून, म्हणजे दुःखापासून आला, असं मी फळ्यावर बाण काढून दाखवायची. पोरं मुकाट लिहून घ्यायची. फळ्यावर बाण काढला की कोणी शंका विचारत नाही.

रिटायर झाल्यावर वेळच वेळ. लेकीनं शब्दांच्या उगमाचा एक जाडजूड कोश आणून दिला होता, तो दुपारी मांडीवर घेऊन बसायची. त्यात कळलं की हे दोन शब्द नात्यातले नाहीतच, नुसते तोंडावळ्यानं सारखे. ‘सॉरी’ आला ‘सोअर’पासून. सोअर म्हणजे दुखरं, ठणकणारं. आणि फार पूर्वी या सॉरीचा उच्चार बराचसा ‘सारी’सारखा होता म्हणे. तिथं मी कोश मिटला. कारण ‘सारी’ म्हणणारं एक माणूस मला चांगलं माहीत होतं.

ते माणूस म्हणजे माझी मोठी बहीण. कळमेश्वरला असते, शाळा सातवीपर्यंत. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे नागपुरात आमच्या घरी आले, तेव्हा ताई सकाळपासून राबत होती. ट्रे पुढे करताना होणाऱ्या विहीणबाईंच्या पदरावर चहा सांडला आणि ताई पटकन म्हणाली, सारी, सारी. मी हसले. हसून थांबले असते तरी चाललं असतं. पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेल तर ना! सारी म्हणजे साडी, ताई, सॉरी म्हण, असं मी सगळ्यांसमोर तिला सुधारलं, वर दोनदा म्हणून घेतलं. पाहुणे खो खो हसले. ताईही हसली, कपबश्या उचलून आत गेली. लग्नात तिनं अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेली. त्यानंतर ती माझ्या घरी आलेली नाही. फोन केला की ‘बरं आहे’ एवढंच.

माझं काय चुकलं, उच्चार तर तिचाच चुकीचा होता, असं मी स्वतःला बजावत राहिले. पण खोटं कशाला सांगू, तिच्याविना दोन दिवाळ्यांचा फराळ गोड लागला नाही.

म्हणून कोश पिशवीत घातला आणि कळमेश्वरची एसटी पकडली. ताई ओसरीत अंबाडीची भाजी निवडत होती. ‘बस’ म्हणाली, पाणी दिलं, पुन्हा भाजीला लागली. मी पान उघडून वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. जुना उच्चार, जुना अर्थ, माझा फळ्यावरचा बाण. ती पानं खुडत होती. म्हणजे तेव्हा आपण बरोबर म्हटलं होतं का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, तूच बरोबर होतीस. मी तर वर्गावर्गात चुकीचं शिकवलं.

“दुखरं म्हणजे,” ताई म्हणाली. “दुखलंच होतं वं मले.”

मी तिला पानावरची ओळ बोटानं दाखवायला लागले. तिनं कोश माझ्या हातातून काढून घेतला, मिटला आणि बाजूच्या पाटावर ठेवला.

“तुहा अर्थ सांगून झाला. आता हे सांग, शब्द समजवायले आली का तो मले म्हणायले आली?”

जी लाज मला त्या पाहुण्यांसमोर वाटायला हवी होती, ती आता वाटली.

“सारी,” मी म्हटलं.

ताईनं मला सुधारलं नाही. भाजीची अर्धी जुडी उचलून माझ्यापुढे ठेवली.