पायरीवरचा घास

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फागी जव्हारच्या खालच्या आळीत चौथ्या घरासमोर वाकलेली होती. एका हातात पळसाचे पान, दुसऱ्या हातात बांबूची कामटी, शेजारी राखेची टोपली. कुत्र्याची घाण दिसली की तिच्यावर मूठभर राख टाकायची, कामटीने ती पानावर घ्यायची आणि पान पाटीत. सन १९१६चा माघ होता. धुके इतके दाट होते की घरांना जोतीच नव्हती. छपरे तेवढी तरंगत होती आणि त्यांच्याखालून कुत्री येत-जात होती, पाय नसल्यासारखी.

फागी जामसरकडच्या एका पाड्यावरची. नवरा वारल्यावर भाताचे खाचर दिराकडे राहिले आणि ती संस्थानच्या सफाईत लागली. महिन्याची नागली आणि वर्षाला एक लुगडे मिळे. बाजाराच्या दिवशी पाड्यावरच्या बायका तिला पाहून वाटेच्या पलीकडून जात. येताना तिने एकच जीव बरोबर आणला होता. चितऱ्या नावाचा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांचा कुत्रा. आता तो आळीतल्या सतरा कुत्र्यांतला एक झाला होता.

त्या महिन्यात आळीने अर्ज दिला होता. तो लिहिला पाचव्या घरातल्या भिका कारकुनाने. तक्रारी चार होत्या. विहिरीच्या काठावर बांधलेल्या शेळ्या, गटारात टाकलेला मोहाच्या दारूचा चोथा, कोपऱ्यावरचा न पेटणारा कंदील आणि पायऱ्यांवरची कुत्र्यांची घाण. शेळ्यांना मालक होते, मोहाला गिऱ्हाईक होते, कंदिलाला तेल नव्हते. कुत्र्यांना कोणी नव्हते. त्यामुळे त्यांचे काम आधी हाती घेण्यात आले.

सफाईचा जमादार तुका याने फागीला मंगळवारी सांगितले, की येत्या सोमवारी विषाच्या भाकऱ्या टाकायच्या आहेत. तोवर पायऱ्या स्वच्छ राहिल्या तर गोष्ट वेगळी, पण त्याला तशी आशा नव्हती. तिने आपला कुत्रा बांधून ठेवावा, एवढे त्याने आपणहून सुचवले. फागीने त्याच दिवशी चितऱ्याला काथ्याने बांधले. पाड्यावर कुत्रे बांधत नाहीत. बांधलेले कुत्रे बिबट्याला आयतेच मिळते. चितऱ्याने काथ्या दोनदा कुरतडला आणि दोन्ही वेळा तो तिच्याआधी आळीत पोचला. भाकरी टाकणारा माणूस कुत्रा कोणाचा हे विचारत नाही, हे फागीला माहीत होते.

सगळ्यांत घाण पायरी भिका कारकुनाचीच असे. बुधवारी संध्याकाळी फागीने पाड्यावरचा उपाय केला. तिकडे वेलांवर राख टाकतात. मग किडा लागत नाही आणि कोंबडी चोच लावत नाही. तिने तीन घरांच्या चुलींतली राख गोळा केली आणि भिकाच्या पायरीवर जाडसर पसरली. राख ऊन होती.

गुरुवारी भिकाने दार उघडले तेव्हा पायरीवर सात कुत्री वेटोळे करून झोपली होती. मधोमध चितऱ्या होता. धुक्यात त्यांच्या अंगावरून वाफ निघत होती.

“फागे, गादी घातलीस ते ठीक,” भिका म्हणाला. “उशा कधी आणतेस?”

समोरच्या ओटीवरून कोणीतरी हसले. फागीने कुत्री उठवली आणि राख भरायला घेतली. राख संपत आली तेव्हा तिच्या लक्षात आले, की पायरीवर दुसरे काही उचलायचे नव्हते. उठलेली कुत्री आळस देऊन शेजारच्या पायरीकडे चालली होती. घाण करायला ती तिकडे गेली. ज्या जागेला आपली म्हणतात ती जागा त्यांनी तशीच ठेवली होती.

त्या दुपारी ती आळीत बसून राहिली. ऊन दुधासारखे पातळ होते. जेवणाच्या वेळी प्रत्येक घरातून कुत्र्याचा घास बाहेर आला, जसा रोज येई. पण आपल्या पायरीवर तो कोणी ठेवीना. दाराला कुत्र्याची सवय लागू नये म्हणून जो तो दूर नेऊन ठेवी. भिकाची बायको धोंडीबाई सर्वांत सोवळी. तिचा घास पार विहिरीजवळच्या चिंचेखाली जाई. चिंचेखालची जागा लख्ख होती.

शुक्रवारी फागी धोंडीबाईच्या परसात गेली आणि लांबच उभी राहिली.

“बाय, घास तुझ्या पायरीवं ठेव.”

“म्हणजे आता सतरांची पंगत बसवू?”

“जिथं खातो तिथं कुत्रा घाण नाय करत. चिंचंखाली जाऊन बघ.”

धोंडीबाई खरोखरच गेली आणि बघून आली. परतल्यावर तिने फागीला विचारले, की हे आजवर सांगितले का नाही. फागीने उत्तर दिले, की तिलाही कालच कळले.

शनिवारी भिकाची पायरी स्वच्छ होती. चौथ्या आणि सहाव्या घरांसमोर मात्र दुप्पट घाण होती आणि त्या दोन घरच्या बायका भांडायला आल्या. धोंडीबाईने त्यांना भांडू दिले, मग चिंचेखाली नेले. रविवारी दुपारी अकरापैकी नऊ घरांनी आपापल्या पायरीवर घास ठेवला. कुत्री खाऊन, जिभा चाटत, शेवटच्या घरामागच्या करवंदीच्या जाळीत एकामागून एक नाहीशी झाली.

सोमवारी साडेसहाला तुका जमादार आला. काखेत फडक्याने झाकलेली टोपली होती. भिका कारकून अर्जदार म्हणून त्याच्यासोबत निघाला. फागी दहा पावले मागे होती. पहिल्या घरापासून नवव्यापर्यंत काही सापडले नाही. दहाव्या घरासमोर एक ढीग होता, ताजा. अकराव्यासमोर दोन. तुकाने टोपली खाली ठेवली आणि भिकाकडे पाहिले.

चितऱ्या तेव्हा पाचव्या घराच्या पायरीवर होता. धोंडीबाईने आज सकाळीच घास ठेवला होता. भिकाने एकदा तिकडे पाहिले, एकदा दहाव्या घराच्या बंद दाराकडे.

“या दोन घरांनी घास ठेवला नाही,” तो म्हणाला. “टोपली आज राहू द्या.”

अर्ज मागे घ्यायचा का, असे तुकाने विचारले. भिका नाही म्हणाला. शेळ्या, चोथा आणि कंदील अजून बाकी होते. तुकाने टोपली उचलून पुन्हा काखेत घेतली आणि फागीला हुकूम दिला: मंगळवारी पाहणी साडेसहालाच, आणि सुरुवात अकराव्या घरापासून.