घरी वाचून या

तीस वर्षं मी नेरच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्यातला एक धडा कधीच शिकवला नाही.

तो धडा ग्रंथींचा. मेंदूखालची पीयूषिका, गळ्यातली अवटू म्हणजे थायरॉईड, इथपर्यंत ठीक. पुढच्याच पानावर जननग्रंथी! मागच्या बाकांवर खुसखुस सुरू, पुढच्या बाकावरच्या मुली वहीत तोंड घालून बसलेल्या. मी घाम पुसत म्हणायचो, "सोपा धडा आहे. घरी वाचून या!" (मीही तो घरीच वाचणार होतो.)

निवृत्तीनंतर मात्र अख्ख्या कॉलनीचे रिपोर्ट माझ्याकडे यायला लागले. सर म्हटल्यावर सगळं येत असणारच! एक दिवस बायकोचा, शोभाचा, रिपोर्ट आला. थायरॉईडची गोळी चालू होती, तरी टीएसएच वाढलेला.

"डॉक्टरीणबाईले दाखवून येऊ न," शोभा म्हणाली.

"कायले? वाढला म्हणजे गोळी जास्त होऊन राह्यली. बंद कर!"

"पण त्या तं म्हणल्या होत्या..."

"विज्ञान कोणाले शिकवून राह्यली तू?"

तिनं गोळी बंद केली. एवढा विश्वास शाळेत माझ्यावर कोणी ठेवला नव्हता.

काही आठवड्यांत ती पोळ्या लाटता लाटता डुलक्या घेऊ लागली. मी म्हटलं, उन्हाळा आहे. मग चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. मी म्हटलं, झोप जास्त होते. आणि ऐन मे महिन्यात, यवतमाळ जिल्ह्यात, ती स्वेटर घालून बसली!

"कुलर बंद करा हो, थंडी वाजून राह्यली."

"अवं, बाहेर डांबर वितळून राह्यलं! लोक काय म्हणतील?"

"मी लोकायले थोडी घालून राह्यली स्वेटर!"

मी खो खो हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. दोन दिवसांनी दारापुढच्या ओट्याच्या तीन पायऱ्या तिला चढवेनात, ती दुसरीवरच बसली. तेव्हा कुठे मी घाबरलो.

एरवी ती बहिणीसोबत यवतमाळला जायची. दवाखान्यात मी पहिल्यांदाच गेलो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"टीएसएच थायरॉईडमधून नाही, पीयूषिकेतून येतो. थायरॉईड काम करत नाही म्हणून पीयूषिका त्याच्यावर ओरडते. गोळी वाढवायची होती! बंद कोणी केली?"

"मीच इसरली, मॅडम," शोभा पटकन म्हणाली. "डोकंच ठिकाणावर राहत नाही माहं."

बाई तिला चांगल्याच रागावल्या. ती स्वेटरचं बटण चाळवत ऐकत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिनं नाही, मी बंद केली," मी म्हणालो. "मी... विज्ञानाचा शिक्षक होतो. नेरला."

"ओळखलं, सर. दहावी ब, पुढचा बाक." त्या गोळी लिहू लागल्या. "ग्रंथींचा धडा तुम्ही घरी वाचून या म्हणाला होतात. मी वाचला होता."

आता शोभाचं स्वेटर पेटीत गेलंय. रोज सकाळी मीच तिला उपाशीपोटी गोळी देतो, तासभर चहा मागत नाही आणि तेवढ्या वेळात तो धडा वाचतो. जननग्रंथींचं पान आलं की मात्र अजूनही उठून दार लावून घेतो!