तीनशेची लेन्स आणि बाभळीवरचं घरटं

बायकोचा कॅमेरा मी तिला न विचारता दुकानात देऊन आलो, हे मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच तर "जुना एक्सचेंजमध्ये गेला" एवढंच म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माझाच गेला असेल.

कागदावर तो माझाच होता म्हणा. घनसावंगीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. पक्ष्यांचं वेड लागलं तेव्हा मी लहान सेन्सरचा एक साधा कॅमेरा घेतला होता, सोबत सत्तर ते तीनशे मिलिमीटरची झूम लेन्स. वर्षभरातच त्याच्यावरून माझं मन उडालं. मी फोटो काढायचो कमी आणि कॅमेऱ्यांबद्दल वाचायचो जास्त. बायको उपकेंद्रात नर्स. आठवड्यातले चार-पाच दिवस ती स्कुटीवर आसपासच्या गावांत फिरते, बाळंतिणी बघते, लहान पोरांना लसी देते. एके दिवशी जाताना तिनं तो कॅमेरा पिशवीत टाकला, आणि तेव्हापासून तो तिचा झाला. शटर, आयएसओ सगळं तिला मीच शिकवलं. महिनाभरात ती माझ्यापेक्षा चांगले फोटो काढायला लागली. मला ते दिसत होतं, पण तोंडानं कधी म्हटलं नाही.

तिची एक पद्धत होती. स्कुटी रस्त्याच्या कडेला लावायची, पण उतरायचं नाही. बसल्या जागेवरून, कोपर पोटाशी घट्ट धरून फोटो काढायचा. "आपण उतरलं की पाखरू उठतं," ती म्हणायची. "गाडीवर बसलेल्या माणसाला ते माणूस समजतच न्हाई."

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर तिला गायरानात सापमार गरुडाचं घरटं सापडलं. रस्त्यापासून साठ-सत्तर पावलांवर एक बुटकी बाभूळ, आणि तिच्या शेंड्यावर काटक्यांचा चपटा ढीग. दुसऱ्या कुणाला ते कावळ्याचं जुनं घरटं वाटलं असतं. ही आठवड्यातून दोनदा तिथं थांबायची, चार-पाच फोटो घ्यायची आणि पुढं जायची. संध्याकाळी मला दाखवायची. मादी बसलेली, फक्त डोकं वर, पिवळे डोळे. एका फोटोत नरानं साप आणलेला आणि त्याचं अर्धं शेपूट चोचीबाहेर लोंबतंय.

"एकच अंडं घालतो म्हणे हा पक्षी," ती म्हणाली. "वर्षात एकच. बराबर हाय का?"

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि तिचा फोटो मोठा करून म्हणालो, "पण दाणे बघ किती आलेत. सावलीत सगळा चिखल झालाय."

 ती फोटो पुन्हा लहान करून बघत बसली.

हे दाण्यांचं माझ्या डोक्यात भरवलं होतं आमच्या फोटोग्रुपनं. जालन्याचे एक डॉक्टर त्यात सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्याकडं फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स. गोदावरीच्या काठावर एका सकाळी त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा बघितला आणि हसून म्हणाले, "सर, क्रॉपवर किती दिवस खेळणार?" क्रॉप म्हणजे लहान सेन्सर. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण मला ते लागलं. त्यानंतर दोन महिने मी रोज तेच व्हिडिओ बघत होतो. मोठा सेन्सर उजेड जास्त धरतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला फोटो स्वच्छ येतो, मागचं सगळं लोण्यासारखं मऊ होतं. लहान सेन्सरच्या बाजूचं एकच कलम होतं, पण पक्ष्यांसाठी तेच मोठं होतं. तीच तीनशेची लेन्स लहान सेन्सरवर साडेचारशेसारखी काम करते, लांबचा पक्षी जवळ आणते. फुल-फ्रेमवर तेवढं जवळ जायचं तर लेन्स मोठी हवी, आणि ती माझ्या आवाक्यात नव्हती. हे मला पाठ होतं. शाळेत पोरांना समजावून सांगावं इतकं स्पष्ट माहीत होतं. तरी मी फुल-फ्रेमच घ्यायचं ठरवलं, कारण मला पक्षी जवळ नको होता, त्या डॉक्टरांच्या रांगेत उभं राहायचं होतं. हे आज लिहिता येतं. तेव्हा मी स्वतःला 'इमेज क्वालिटी' असं सांगत होतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तिला म्हणालो, "कॅमेरा दे, संभाजीनगरला चाललोय. सेन्सरवर धूळ बसलीय, साफ करून आणतो."

तिनं पिशवीतून काढून दिला. कार्ड काढून घेतलं आणि म्हणाली, "जल्दी आणा बरं. बुधवारी मला त्या बाजूला जायचंय."

दुकानातल्या माणसानं विचारलं, जुनी बॉडी आहे का? मी लेन्स काढून ठेवली आणि बॉडी त्याच्यासमोर सरकवली. पट्ट्याला तिनं निळ्या धाग्यानं टीप मारली होती, तिथं उसवला होता म्हणून. पट्टा तरी काढून घ्यावा असं मनात आलं, पण दुकानात गर्दी होती.

घरी आल्यावर नवा कॅमेरा टेबलावर ठेवून मी म्हणालो, "दोघांना मिळून एकच, पण चांगला."

तिनं तो उचलून बघितला. "आणि आपला?"

"त्यातच गेला."

"तुम्ही तर साफ करायला म्हणले व्हते."

"मग काय झालं? हा त्याच्यापेक्षा दसपट भारी आहे. आपली तीच लेन्स याला बसते."

ती बुधवारी तो घेऊन गेली. स्कुटीच्या डिकीत तो मावेना, म्हणून लसींच्या डब्यासोबत पायाशी ठेवून नेला. संध्याकाळी फोटो बघितले. रंग फार सुंदर होते, एकही दाणा नव्हता. पण भलीमोठी बाभूळ, वर भलंमोठं आभाळ आणि मधे ज्वारीच्या दाण्याएवढा गरुड.

"लांब गेला की हो हा," ती म्हणाली.

"नंतर कापून मोठा करता येतो," मी म्हणालो. कापून दाखवला. फोटो जवळ आला, पण पुसट. ती बघत राहिली आणि म्हणाली, "राहू द्या." पुढच्या आठवड्यापासून तिनं कॅमेरा नेणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, मनगट दुखतं. गरुड बघायला मात्र थांबायची. आल्यावर सांगायची, बसलीय अजून.

मार्चच्या सुरुवातीला शाळा सकाळची झाली. एका दुपारी मी एकटाच गायरानात गेलो. रस्त्यावरून तीनशेत काही मिळत नव्हतं. मी गाडीवरून उतरलो. चाळीस पावलांवर थांबलो, फोटो घेतला, पुन्हा पुढं गेलो. घरट्याजवळ जाऊ नये, हे मी दर वर्षी आठवीच्या वर्गाला सांगतो. तिथं मला ते आठवलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आठवलं, आणि मी म्हणालो, एकच फोटो.

पंधरा पावलांवर मादी उभी राहिली. पंख अर्धवट उघडलेले, मान माझ्याकडं, डोळ्यांत ऊन. मी बटण दाबलं. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. दुसऱ्या क्षणी ती उडाली.

तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण ती परत येईल तो उतरतानाचा फोटो मिळेल म्हणून मी जवळच्या हिवराखाली बसून राहिलो. अर्धा तास, मग एक तास. ती वर घिरट्या घालत होती, खाली येत नव्हती. ऊन कडक होतं, आणि काटक्यांत ते एक अंडं उघडं पडलं होतं. दोन कावळे आले आणि शेजारच्या बोरीवर बसले. मी त्यांना खडा मारला. मग घड्याळ बघितलं. दोन तास होत आले होते. मी उठून निघालो.

चार दिवसांनी बायको घरी आली ती पिशवी न काढताच खुर्चीवर बसली. "घरटं रिकामं हाय," म्हणाली. "दोघंबी दिसेनात. काल बी नव्हते."

मी वही तपासत होतो. मान वर केली नाही.

"त्या म्हाताऱ्यानंच केलं असंल," ती म्हणाली. गायरानात एक म्हातारा धनगर शेळ्या चारायचा आणि उन्हाळ्यात त्यांच्यासाठी बाभळीचे डहाळे तोडायचा. "मी त्याला सांगितलं व्हतं, ह्या झाडाला हात लावू नका. आज भेटला तर बोलले चांगलं. म्हणलं, तुमच्यापायी एक जीव गेला."

"काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार. काठी टेकून उभा राहिला मान खाली घालून."

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. मी म्हणालो, "ही माणसं ऐकत नाहीत." नेमकं हेच वाक्य म्हणालो.

पावसाळ्यानंतर आमच्या ग्रुपनं जालन्याला एका सभागृहात प्रदर्शन भरवलं. डॉक्टरांनी माझ्याकडं फोटो मागितला. माझ्याकडं दाखवण्यासारखा एकच होता. मी तो दिला आणि खाली लिहायला सांगितलं, सापमार गरुड, गोदाकाठ. वाटलं होतं, बायकोला सुट्टी मिळणार नाही. तिनं रजा टाकली. कुठला फोटो ते मी सांगितलं नव्हतं, पण माझा फोटो लागलाय म्हणून ती खुश होती. चांगली साडी नेसून, पेढ्यांचा डबा घेऊन एसटीनं माझ्यासोबत आली.

तो फोटो भिंतीवर हातभर मोठा करून लावला होता. लोक समोर थांबत होते. डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता जमलं की नाही फुल-फ्रेमवर?" ती माझ्या बाजूला उभी होती. बराच वेळ बघत राहिली. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आपल्याकडं तीनशेच्या वरची लेन्स न्हाई."

मी फोटोखालच्या पाटीकडं बघत राहिलो.

"ह्या कॅमेऱ्यावर तीनशेला पाखरू एवढं दिसतं," तिनं बोटाचं पेर दाखवलं. "किती जवळ गेल्ते तुम्ही?"

"पंधरा पावलं."

"ती उठली?"

"उठली."

"मंग?"

मी सांगितलं. हिवराखाली बसलो, कावळे आले, सगळं. सभागृहात चहा फिरत होता. तिनं एक कप घेतला आणि हातातच धरून उभी राहिली. रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मला नका सांगू आता. त्या म्हाताऱ्याला जाऊन सांगा. मी त्याला नाही नाही ते बोलले."

पेढ्यांचा डबा तिनं तिथल्या टेबलावर ठेवला आणि परत येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी मी गायरानात गेलो. म्हातारा बांधावर बसला होता, शेळ्या पांगल्या होत्या. मी बरंच घोळवून सांगायला सुरुवात केली, तर त्यानं हात वर केला.

"गुरुजी, मला ठाव हाय. तुम्ही हिवराखाली बसल्ते तव्हा मी वढ्यात व्हतो. शेळ्या पाण्याला नेल्त्या."

"मग तुम्ही बाईंना सांगितलं का नाही? त्या तुम्हाला बोलल्या तेव्हा?"

"नर्सबाई माझ्या सुनेच्या बाळंतपणाला रात्रभर बसल्या व्हत्या," तो म्हणाला. "त्यायला काय सांगू, तुमच्या मालकानं केलं म्हनून? घरात भांडण लागलं असतं. बोलल्या तर बोलल्या. चार शब्दानं काय व्हतंय मला."

मी हात जोडले. तो कसनुसा झाला. तंबाखू पुढं केली, मी खात नाही तरी घेतली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "खाली टरफल पडलं व्हतं, मी बघितलं. कावळ्यानंच फोडलं. तुम्ही नसते तर त्यानं फोडलं नसतं का, देव जाणे." ते त्यानं माझ्या समाधानासाठी म्हटलं असावं. मला समाधान झालं नाही.

संध्याकाळी मी तिला जसंच्या तसं सांगितलं. म्हातारा सगळं माहीत असून गप्प राहिला, हे ऐकून तिचे डोळे भरले, आणि मग ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. खूप ओरडली. मला बरं वाटलं.

डॉक्टरांना फोन करून मी फोटो काढून घ्यायला सांगितलं. कारणही सांगितलं. ते म्हणाले, "सर, असं बघितलं तर आमचे निम्मे फोटो भिंतीवरून उतरवावे लागतील." फोटो त्यांनी उतरवला, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. त्यात मला सूट द्यायचा प्रयत्न होता, आणि ती मला नको होती.

दिवाळीच्या सुमारास मी तिच्यासाठी लहान सेन्सरचा एक वापरलेला कॅमेरा आणला. हलका आणि थोडासा खरचटलेला. या वेळी तिला सोबत नेलं आणि तिनंच निवडला. दुकानात तिनं तीन बॉडी हातात धरून, कोपर पोटाशी लावून दारातून समोरच्या विजेच्या तारांवर रोखून बघितल्या. विक्रेता फुल-फ्रेमचे फायदे सांगायला लागला तेव्हा ती म्हणाली, "मला लांबून काढायचं असतं." त्याला ते कळलं नसावं. माझ्याकडं बघून तो हसला.

आता ती पुन्हा फोटो काढते. तीनशेची लेन्स तिच्याकडं आहे. माझा मोठा कॅमेरा एका साध्या लेन्सवर गोदावरीचं पाणी, कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाड्या, ढग वगैरे काढतो. त्याला जे चांगलं जमतं ते तेच आहे, आणि ते मला आधीपासून माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात तिच्या एका फोटोत मला पुन्हा पिवळे डोळे दिसले. काटक्यांच्या कडेवरून वर आलेलं डोकं. झाड ओळखीचं नव्हतं.

"कुठलं हे?" मी विचारलं.

तिनं लॅपटॉप हळूच स्वतःकडं वळवला आणि म्हणाली, "हाय तिकडं."

मी पुन्हा विचारलं नाही. पिल्लू उडाल्यावर तिनं फोटो दाखवला, तेव्हाही जागा सांगितली नाही.