पात्याचा डावा कोपरा

सांगायला बसलोय खरा, पण आधी ते दार ओढून घे. बाहेर माझी माणसं काम करतायत आणि त्यांचे कान फार तिखट आहेत. हे बायकोला ठाऊक नाही. आईला नव्हतं. देवापुढंसुद्धा मी हे कधी शब्दांत मांडलं नाही, नुसते हात जोडून दुसरंच काहीतरी मागत राहिलो.

मी संशयी माणूस. तुला माहीतच आहे ते. भाजीवाली वजन करते तेव्हा मी भाजीकडं बघत नाही, तिच्या बोटांकडं बघतो. ग्राइंडरला कुलूप लावणारा सुतार अख्ख्या पेणमध्ये मी एकटाच असेन. संध्याकाळी प्रत्येक पटाशी, प्रत्येक रंधा उजेडात धरून बघतो, कुणी हात लावला का, कुणी घासताना तापवून जाळलं का. लोक हसतात. हसू देत. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय उगाच?

ही हत्यारांची पेटी बघितलीस? सागाची, पितळी कोपऱ्यांची? ती माझी नाही. म्हणजे — आहे माझीच, मला दिलेली आहे. देणारे मोझेसकाका. त्यांच्याच कारखान्यात मी सुतारकी शिकलो. पेणमधली त्यांची ज्यू माणसं एकेक करून इस्रायलला गेली, काका मात्र हलले नाहीत. बोलणं आपल्यासारखंच, नाय-हाय-व्हय. फक्त शुक्रवारी दिवेलागणीला हत्यार खाली ठेवायचे ते शनिवारची संध्याकाळ उलटेपर्यंत उचलायचे नाहीत. शनिवारी सकाळी धुतलेला सदरा घालून प्रार्थनालयात जायचे. प्रार्थनेला लागतात तेवढे पुरुष तिथं पुढं पुढं जमायचेच नाहीत, तरी जाऊन बसायचे. "मी जातो. बाकीच्यांचं तो बघंल," म्हणायचे.

कारखान्यात आम्ही दोघं. मी आणि काशिनाथ. काशिनाथ नदीकाठच्या कातकरी वाडीवरचा. आला तो लाकडं वाहायला, आणि राहिला तो हत्यारांपाशी. मी डावखुरा, म्हणून काका मला डावऱ्या म्हणायचे. त्याला मात्र काशिनाथ म्हणायचे, पूर्ण नावानं. हे मला तेव्हाही खुपायचं. आता सांगताना हसू येतं, पण खुपायचं, अगदी कुसळासारखं.

काकांचा एक रंधा होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. लाकूड हाताच्या घामानं काळं झालेलं, आणि पातं असं की सागावर चालवलं तर साल कागदासारखी उठायची. त्या पात्याला काका दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आणि एके दिवशी मी बघतो तर काशिनाथ ते पातं काकांच्या वडिलांच्याच बारीक दगडावर घासतोय! काका शेजारी उभे राहून नुसते बघतायत. मला कधी दिलं होतं का? एकदा तरी?

तेव्हाच काकांचंही इस्रायलला जायचं ठरत होतं. तिकडून लेक रोज फोन करायची, आता एकटं राहू नका म्हणून. पेटी कुणाला द्यायची हे ते बोलत नव्हते. आणि काशिनाथशी मात्र हळू आवाजात बोलायचे. मी जवळ गेलो की गप्प. दोनचारदा झालं असं. माझं डोकं फिरलं. मी मनाशी पक्कं धरलं — ह्यानं म्हाताऱ्याला फिरवला, पेटी ह्यालाच जाणार. सुताराचा पोर मी, आणि पेटी वाडीवर! बघ, किती घाण विचार. पण होता. खोटं कशाला सांगू?

आता ऐक. एका शनिवारी काका प्रार्थनालयात गेले. काशिनाथ हातगाडीवरून दाराच्या चौकटी पोचवायला गेला. मला वडखळच्या गिऱ्हाईकाचं जुनं सागवान साफ करायचं होतं. माझा रंधा बरा चालला होता, सबब सांगायची तर तीही नाही. मी पेटी उघडली आणि काकांचा रंधा काढला. एकदा चालवून तर बघू. काय जादू आहे ते तरी कळू दे.

चालवला. आणि तुला खरं सांगतो, त्या चारदोन हातांत मी सगळं विसरलो. साल अशी निघत होती की बघत राहावं. मग कट्ट करून आवाज आला. जुन्या लाकडात मोडका खिळा. पात्याला खांडा पडला.

काका यायची वेळ झालेली. मी पातं काढलं आणि ग्राइंडरला लावलं.

ग्राइंडरचं काकांचं शिक्षण म्हणजे दोन गोष्टी. चाक गुळगुळीत झालं असेल तर आधी ते खरवडून मोकळं करायचं, नाहीतर ते कापत नाही, नुसतं तापवतं. आणि पातं टेकवलं की लगेच पाण्याच्या डब्यात बुडवायचं. टेकव, बुडव. टेकव, बुडव. घाई केली की पोलाद तापून निळं पडतं, त्याचं पाणी उतरतं, मग त्या जागेला धार धरत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. त्या दिवशी मी चाक खरवडलं नाही. पाणी डब्यात होतं, मी बुडवलं नाही. नुसता जोर दिला, आणि माझा जोर कुठल्या हातात हे तुला आता ठाऊक आहे. नजर दारावर होती. खाली बघितलं तेव्हा डावा कोपरा मोरपिसासारखा निळा झालेला.

मग मी काय केलं? थांबलो? काकांची वाट बघितली? छे. पॉलिश पेपर घेतला आणि तो निळा रंग घासून घासून काढला. पातं तेलाच्या दगडावर लावलं, रंध्यात पाचर मारून बसवलं, पेटीत जसं होतं तसं ठेवलं. काशिनाथ आला तेव्हा मी बाहेर चहा पीत होतो. "झालं का?" त्यानं विचारलं. "झालं," म्हटलं.

काकांनी सोमवारी रंधा काढला. दोन हात मारले आणि थांबले. पातं काढून दाराशी नेलं, उजेडात धरलं, नखावर फिरवलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जळलं त्याचं काय नाय रे. जळका भाग घासून काढला की मागं चांगलं पोलाद हायच. पण लपवलं कशाला?"

हे कुणाकडं बघून म्हणाले? माझ्याकडं नाही. त्याच्याकडंही नाही. पात्याकडं बघून.

काशिनाथ म्हणाला, "मी नाय केलं, काका." एकदाच.

आणि मी? इथंच अडकतं बघ. इतकी वर्षं इथवर येतो आणि मागं फिरतो. मी म्हणालो, "शनिवारी मी चहाला गेलो होतो तेव्हा ग्राइंडरचा आवाज आला होता." झालं. चोराच्या उलट्या बोंबा. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर निदान एकच पाप झालं असतं. पण काकांचा चेहरा हलला नाही म्हणून मी आणखी पुढं गेलो. म्हणालो, "वाडीवरच्या लोकांना हत्याराची किंमत काय, काका? मिळेल ते उचलतात, वापरतात, टाकून देतात."

काशिनाथनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बघितलं आणि हातातली कानस खाली ठेवली, नीट, कापडावर, जसं आम्हाला शिकवलं होतं तसं. डबा उचलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. मी काकांना म्हणालो, "बघा, पळाला की नाही?" ते ग्राइंडरचं चाक खरवडत बसले.

जायच्या आधी काकांनी पेटी मला दिली. माझ्या हातात, दोन्ही हातांनी. "सांभाळ," एवढंच. मी पाया पडलो. आनंद झाला का? झाला, अरे झाला! पण घरी येऊन पेटी उघडली तर बारीक दगडाचा कप्पा रिकामा. त्याच क्षणी मनात आलं — काशिनाथ. जाताना लांबवला त्यानं. बघ माझी तऱ्हा! ज्याला मी खोटं बोलून घालवला त्यालाच मी चोर ठरवला, आणि वर्षानुवर्षं तसं मानत राहिलो. बरं वाटायचं रे मला तसं मानून. तो चोर असला की मी तेवढा वाईट उरत नव्हतो.

आता अलीकडची गोष्ट. वडखळला एक सुतार भेटला, म्हणाला रोह्याला बाजाराच्या कडेला एक काशिनाथ बसतो, धार लावावी तर त्यानंच. माझ्या डोक्यात लगेच तो दगड. म्हटलं, जाऊन बघतोच. पश्चात्ताप झाला म्हणून गेलो असं समजू नकोस. चोरी पकडायला गेलो. निमित्त म्हणून एक पातं पिशवीत टाकलं. पेटीत इतकी हत्यारं, त्यातलं नेमकं ते जळकंच का उचललं? त्याला मी कधी दगडही लावला नव्हता, फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. विचारू नकोस. मलाच माहीत नाही.

पत्र्याची टपरी, एक ग्राइंडर, शेजारी पाण्याचा डबा. पुढं विळ्या, कोयते, मटणवाल्याचे सुरे मांडलेले. केस पिकलेत त्याचे. मला ओळखलं. "बस," म्हणाला. मी आधी त्याचे दगड बघून घेतले. साधे, बाजारातले. तो दगड नव्हता.

मी पातं दिलं. त्यानं नखावर फिरवलं आणि म्हणाला, "बाकी धार हाय. ह्यो डावा कोपराच बसलाय. डाव्या हाताचा जोर."

इतकी वर्षं! ज्या सोमवारी काका दाराशी उभे राहून बघत होते, त्या सोमवारीच त्याला कळलं होतं. मग बोलला का नाही? मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. माझ्या शब्दापुढं वाडीवरच्या माणसाचा शब्द कोण धरणार होतं?

तेव्हा तरी बोलायचं ना मी? तो समोर, पातं समोर, आजूबाजूला कुणी नाही. मी म्हणालो, "काकांचंच झालं असेल. म्हातारपणी हात थरथरायचा त्यांचा."

काशिनाथ म्हणाला, "काका उजवे व्हते."

आणि ग्राइंडर चालू केला. टेकव, बुडव. टेकव, बुडव.

मला गप्प बसवेना. मी विचारलं, काकांच्या वडिलांचा तो दगड कुठं असेल रे? म्हणजे अजूनही मी चोरच शोधत होतो, कळलं का? त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "त्यांच्या बापाच्या कबरीपाशी. काका जायच्या आधी हितं आले व्हते, मला घेऊन गेले. मीच खड्डा काढला, त्यांनी दगड ठेवला. आईबापाच्या कबरीवरलं गवत काढायचं मला आधीपास्नं सांगत व्हते ते. तवा परत इचारलं, काढशील ना? व्हय म्हटलं. दरसाल जातो."

म्हणजे ते हळू आवाजातलं बोलणं हे होतं. कबरीवरचं गवत.

"पेटीचंबी इचारलं मला," तो म्हणाला. "म्हणाले, डावऱ्याला देतो, तुला चालंल ना? मी म्हटलं, द्या. कोपरा त्यांनीबी वळखला व्हता. मला म्हणाले, त्याच्या हातात रोज येऊ देत ती."

एवढं बोलून त्यानं पातं पुसलं, सदऱ्याच्या टोकाला, आणि मला दिलं. जळका कोपरा घासून गेला होता, खाली चांगलं पोलाद होतं, काका म्हणाले होते तसंच. मी ते फडक्यात गुंडाळलं. "येतो," म्हटलं. "ये," म्हणाला.

परतीच्या गाडीत कासूला क्रॉसिंगसाठी बराच वेळ थांबलो. समोरून रोह्याकडं जाणारी गाडी आली, माझ्या डब्यासमोरच उभी राहिली. उतरून तिच्यात बसलो असतो तर अंधाराआधी पुन्हा त्याच्या टपरीवर पोचलो असतो. ती सुटली. मग आमची सुटली. मी जागेवरून उठलो नाही.

ते पातं आता उत्तम चालतं. सकाळी दार उघडलं की सगळ्यात आधी मी तोच रंधा हातात घेतो.