जळक्या बाहुल्यांची विल्हेवाट

सर्वेयर म्हटलं की कुंभकोणमात लोकांना जमीन मोजणारा माणूस आठवतो. लायसन्स मिळाल्यावर मी मोठ्या हौसेनं घराच्या फाटकावर पाटी लावली, आणि पहिल्याच आठवड्यात दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन दारात उभे राहिले. मी त्यांना समजावलं, मी जमीन मोजत नाही, नुकसान मोजते. कुठे आग लागली, गाडी ठोकली, गोदामात पाणी शिरलं, की विमा कंपनी मला पाठवते. मी जाऊन बघते, किती गेलं ते ठरवते आणि रिपोर्ट देते. धाकट्या भावानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मग आमचंही नुकसानच झालंय. तेवढं मोजा."

मी इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली तेव्हा असलं काही मनात नव्हतं. पण गावात नोकरी नव्हती, चेन्नईला जायचं नव्हतं, आणि आमच्या ओळखीत एक म्हातारे सर्वेयर होते, त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. सगळे त्यांना 'सार', म्हणजे 'सर', म्हणत, मीही म्हणू लागले. सारांचा एकच कडक नियम होता: ज्याचं नुकसान झालंय त्याच्याकडे कॉफी प्यायची नाही. "कॉफी पोटात गेली की नुकसान वाढायला लागतं," असं त्यांचं म्हणणं. कुंभकोणमात कुणाच्या घरची कॉफी नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं, म्हणून ते पोटात अल्सर आहे असं सांगायचे. त्यामुळे झालं असं, की गावातले निम्मे व्यापारी सारांच्या पोटाच्या काळजीत असायचे. जळालेल्या गोदामात आम्ही राखेत उभे, आणि मालक स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्यांना मणत्तक्काळीच्या पाल्याचा काढा कसा करायचा ते सांगतोय, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

वर्षभराची उमेदवारी संपली, परीक्षा झाली, लायसन्स हातात आलं. काही महिने नुसत्या ठोकलेल्या स्कूटर बघण्यात गेले. मग आडी ह्या तमिळ महिन्यातल्या सेलच्या तोंडावर बाजारातल्या एका मोठ्या साडीच्या दुकानाला आग लागली, आणि विमा कंपनीच्या इथल्या शाखेच्या मॅनेजरांनी मला फोन केला.

मी पोचले तेव्हा आग विझली होती. पहिल्या मजल्यावरच्या शोकेसमध्ये शॉर्ट सर्किट झालं होतं. दुकानातल्या मुलींनी प्रसंगावधान राखून साड्यांचे गठ्ठे खिडकीतून खाली रस्त्यावर टाकले होते, खालच्या लोकांनी ते झेलले होते, आणि आश्चर्य म्हणजे जवळजवळ सगळ्या साड्या परत आल्या होत्या. एका बाईनं तर घडी नीट नव्हती म्हणून पुन्हा घालून आणून दिली होती. साड्यांचं नुकसान म्हणावं असं काही नव्हतंच. गेल्या होत्या त्या बाहुल्या.

साड्या नेसवून ज्या प्लॅस्टिकच्या बायका शोकेसमध्ये उभ्या करतात, त्या. तमिळमध्ये त्यांना सरळ 'बोम्मै' म्हणतात, बाहुल्या. त्या स्टँडला स्क्रूनं घट्ट बसवलेल्या होत्या, त्यामुळे कुणाला त्या उचलून पळता आलं नाही. आगीनं त्यांना जाळलं नव्हतं, मऊ केलं होतं. एकीचा डोळा गालावर उतरला होता. एकीचं हसू पार कानापर्यंत ओघळलं होतं. एकीचं नाक हनुवटीला टेकलं होतं, आणि हात मात्र अजून "या, बसा" म्हणत पुढे केलेला होता.

दुकानाचे मुदलाळी, म्हणजे मालक, त्यांच्यामध्ये स्टुलावर बसून रडत होते. चांगला धिप्पाड माणूस. "साड्या काय, उद्या पुन्हा आणीन," ते म्हणाले. "ह्या मुली कुठून आणू? एकेकीचा चेहरा बघून, मी स्वतः मुंबईला जाऊन निवडल्या होत्या."

सारांनी अल्सरचं शिकवलं होतं, असल्या दुःखाचं काही शिकवलं नव्हतं.

आमच्या धंद्यात मोडका माल सहसा मालकच ठेवून घेतो आणि त्याची जी काही किंमत येईल ती भरपाईतून वजा होते. त्या उरल्यासुरल्या मालाला साल्व्हेज म्हणतात. पण मुदलाळी ठेवून घ्यायला तयार नव्हते. "लग्नाची साडी घ्यायला आलेल्या मुलीनं ह्यांचं तोंड बघितलं तर? तुम्हीच न्या." म्हणून कंपनीनं पूर्ण भरपाई दिली आणि बाहुल्या कंपनीच्या झाल्या. मी मॅनेजरांना फोन लावला.

"कंपनीची मालमत्ता आहे," ते म्हणाले. "सुरक्षित ठेवा, कोटेशन मागवा, विकून टाका."

"ठेवू कुठे?"

"इथे ऑफिसात नको. इथे महिला कर्मचारी आहेत."

"सार, मीही महिलाच आहे."

"तुम्ही सर्वेयर आहात," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

टेम्पो करून मी बाहुल्या घरी आणल्या. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आमच्या घरातलं मराठी मराठेशाहीच्या वेळी इथे आलेल्या लोकांचं, जुनं, तमिळमध्ये मुरलेलं. हे लिहिण्याचं मराठी मी पुष्कळ नंतर, नवऱ्याकडून शिकले. तो सोलापूरचा. आईचं बोलणं त्याला बखरीसारखं वाटतं. तर आई दारात आली, टेम्पोत उभ्या असलेल्या त्या सगळ्या उघड्याबोडक्या बायका तिनं पाहिल्या, आणि चेहऱ्यांबद्दल एक शब्दही न काढता म्हणाली, "अगे, ह्यांस वस्त्र नाहीं की! आधीं वस्त्र घाल, मग आंत आण."

मग शेडमध्ये उभ्या करून आम्ही त्यांना आमचे जुने गाऊन घातले. तिथून घोळ वाढला. संध्याकाळी गल्लीतून जाणारी माणसं कंपाउंडवरून आत बघायची, इतक्या पाहुण्या बघून आईला विचारायची, काही कार्य आहे का? कसल्याशा गणनेसाठी एक बाई आली. तिनं बाहेरूनच माणसं मोजली आणि फाटकाशी येऊन म्हणाली, "घरात एवढ्या बायका, आणि मागच्या वेळी दोनच सांगितल्या होत्यात." आई तिला शेडमध्ये घेऊन गेली. ती बाई गणनेसाठी पुन्हा आली नाही.

भंगारवाल्यांकडून मी कोटेशन मागवलं. दोघांनी माल बघूनच काढता पाय घेतला. तिसरा म्हणाला, प्लॅस्टिक घेईन, पण डोकी तुम्ही काढून द्या. आईला ते अजिबात पटलं नाही.

ह्या सगळ्यात माझ्या लक्षात आलं की एक बाहुली कमी भरते आहे. जिचं हसू कानापर्यंत गेलं होतं, तीच नव्हती. टेम्पोवाल्याला विचारलं तर म्हणाला, "वळणावर पडली असेल, मॅडम." कंपनीची मालमत्ता हरवली हे रिपोर्टात कसं लिहायचं ह्या विचारानं मला झोप लागेना.

मग एके दिवशी स्वामीमलैला एक ठोकलेली गाडी बघून परत येताना तिरुवलंचुळीला ती मला दिसली. एका अर्धवट बांधलेल्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर बांबूला बांधली होती. गळ्यात काळा दोर, पायाशी टांगलेला कोहळा. आमच्याकडे नवं घर बांधताना दृष्ट लागू नये म्हणून भयानक तोंडाची बाहुली टांगतात. तिलाही बोम्मैच म्हणतात. टेम्पोवाल्यानं ह्या बोम्मैची ती बोम्मै केली होती.

घराचा मालक सिंगापूरहून परत आलेला माणूस. मी म्हटलं, "वर टांगलीय ती माझी आहे."

त्यानं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे. "तुमची?"

"म्हणजे विमा कंपनीची."

"कंपनीला दृष्ट लागते?"

मी त्याला सगळं रीतसर सांगितलं. त्यानं रीतसर ऐकलं, आणि द्यायला साफ नकार दिला. "महिनाभर गवंडी फिरकत नव्हता," तो म्हणाला. "ही टांगली, दुसऱ्या दिवशी आला. समोरचा शेजारी रोज संध्याकाळी उभा राहून माझ्या खिडक्या मोजायचा, तो आता मागच्या गल्लीनं जातो. बाजारातल्या बाहुल्या बघा, सगळ्यांची तीच मिशी, तीच जीभ. लोकांच्या डोळ्यांना सवय झालीय. हिचं तोंड एकदा बघितलं की माणूस आपलं काम विसरतो. काय घ्यायचं ते घ्या, पण हिला हलवू नका." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "अजून आहेत का? मेहुण्याचं घर चाललंय."

चार दिवसांत आमच्या फाटकाशी माणसं उभी राहू लागली. मरुदानल्लूरचे, तिरुनीलक्कुडीचे, कुठकुठले. कुणी घर बांधत होतं, कुणी दुकान, एकाची नुसती वांग्यांची वाडी होती. मी नियमाप्रमाणे बंद पाकिटांत कोटेशन मागवलं आणि माल बघायची वेळ ठरवून दिली. लोक शेडमध्ये येत, बाहुलीसमोर उभे राहत, आणि दचकतो का ते स्वतःवर करून बघत. ज्यांच्यासमोर जास्त दचकत त्यांना जास्त भाव. एक बाहुली दाराशी असल्यामुळे आगीतून जवळजवळ सहीसलामत सुटली होती, नुसती भुवई सरकलेली. तिला कुणी विचारेना. एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "हिला जरा स्टोव्हवर धरता येईल का?"

"कंपनीच्या मालाचं नुकसान माझ्या हातून होणार नाही," मी म्हटलं.

"आमच्या चुलीवर तर नक्कोच," आई आतून म्हणाली.

सगळ्या विकल्या गेल्या. भुवईवालीसुद्धा, कवडीमोल भावात. हिशेब जुळवला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नव्या, सुंदर असताना मुदलाळींनी ह्या जेवढ्याला घेतल्या होत्या, त्याहून जास्त पैसे वाकडी तोंडं होऊन आले होते. मॅनेजर दिवसभर खूश होते. मग ऑडिटची शंका आली: ज्या मालाची किंमत आगीमुळे वाढली, त्याचं नुकसान झालं असा रिपोर्ट सर्वेयरनं कोणत्या आधारावर दिला?

ही बातमी मुदलाळींपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार. ते तडक आमच्या घरी आले. "माझ्या मुली विकून तुमच्या कंपनीनं नफा केला!" आईनं त्यांना बसवलं, कॉफी दिली. रिकाम्या शेडकडे बघता बघता त्यांचा राग उतरला. "कुठे दिल्यात त्या?" त्यांनी विचारलं. "चांगल्या घरी पडल्या का?"

मी त्यांच्याच गाडीतून त्यांना दाखवायला नेलं. तिरुनीलक्कुडीच्या वाटेवर एका नव्या घराच्या गच्चीत त्यांची एक मुलगी होती. ते गाडीतून उतरले, वर बघत बराच वेळ उभे राहिले. मग घरमालकाला बोलावून म्हणाले, "तिचा डावा खांदा पुढे करा. ती बाजू तिची चांगली होती." घरमालक म्हणाला, चांगली बाजू नकोच आहे. दोघांची चांगली जुंपली. शेवटी खांदा थोडासा वळवण्यावर तडजोड झाली.

पुढच्या आठवड्यात चेन्नईहून ऑडिटर आले. किडकिडीत, पाण्याची बाटली घरून आणणारे गृहस्थ. त्यांना माल प्रत्यक्ष बघायचा होता. गावोगाव मी त्यांना फिरवलं. प्रत्येक घरी ते विचारत, "किती दिले?" आणि एकही माणूस आकडा सांगेना, कारण मोठ्यानं आकडा सांगितला की दृष्ट लागते. एका बाईनं तर त्यांच्या तोंडासमोरच मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. ठसका जाईपर्यंत ते ओसरीवर बसून होते.

शेवटी तिरुवलंचुळीच्या त्या घरासमोर आम्ही उभे राहिलो. वर ती कानापर्यंत हसत होती. ऑडिटरांनी चष्मा पुसला. "मॅडम, मला एवढंच सांगा. ह्या मालात दोष नक्की काय आहे?"

"सार, दोष हाच माल आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. वाटलं, संपलं आपलं करिअर, आता बांध मोजायला शिकावं.

चष्मा घालून ते गाडीत जाऊन बसले. पण महिन्याभरानं हेड ऑफिसचं परिपत्रक निघालं: ह्यापुढे कापड दुकानांतल्या जळालेल्या पुतळ्या संपूर्ण नुकसान समजू नयेत, त्यांची स्थानिक बाजारातली किंमत सर्वेयरनं ठरवावी. आमच्या भागात अशी किंमत ठरवलेली सर्वेयर एकच होती. मग कापड दुकानाला कुठेही आग लागली की फोन मला यायला लागला. त्या कामांतून मोठी कामं मिळाली, राइस मिल, गोदामं, लग्नाचे हॉल, आणि माझ्या हाताखाली आज दोघं जण उमेदवारी करतायत.

तरी अजून मायवरमहून, तंजावरहून सर्वेयरांचे मेसेज येतात. खाली-वर काही लिहिलेलं नसतं, नुसता एका वितळलेल्या तोंडाचा फोटो आणि एक प्रश्न: किती? मी फोटो मोठा करून नीट बघते. नाक जागेवर असेल तर कमी सांगते.