सरिता दर्शनमधून नदी दिसते का?

शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. शहागडला पुलाजवळ ट्रकच्या मागच्या फळीवर नंबर रंगवत होतो. आबा येऊन म्हणाले, "मामाची पाठ धरली. बदलापूरला पोराचं घर बघायला तूच जा." स्थळ माझ्या धाकट्या बहिणीसाठी, मनीषासाठी.

तिनं एकच काम सांगितलं. "दादा, घरातून नदी दिसती का, ते बघ. मला गोदावरीची सवय हाय."

एसटीनं छत्रपती संभाजीनगर १२५ रुपये, जनरल डब्यातून कल्याण ११५, पुढं बदलापूर १०. तिकीट मी सात वेळा तपासलं; तुम्ही दोनदा तपासलं तरी पोचाल.

स्टेशनबाहेर इमारतींचे फलक. त्यांवर निळ्याशार नद्या मोजल्या, अकरा भरल्या. खरी उल्हास नदी एकच, ती काही तिथून दिसली नाही. मुंबई जवळच, असंही प्रत्येक फलकावर होतं. पहाटे पाचला डबा घेऊन निघणाऱ्यांना बहुधा कुणी विचारलं नसावं.

मुलगा, विशाल, घ्यायला आला. रिक्षाचे चाळीस झाले. माझ्या पाचशेला सुटे नव्हते, त्यानंच दिले.

इमारतीचं नाव 'सरिता दर्शन'. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या आईनं पोहे दिले आणि म्हणाल्या, "रिव्हर व्ह्यू आहे हो आमच्याकडे!" मी खिडकी उघडली. समोर 'सरिता दर्शन, फेज दोन', गॅलरीत बनियनं वाळत होती.

"नदी त्याच्या मागेच आहे," काकू म्हणाल्या.

विशाल मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ होती.

"मोठ्या पुरात पाणी इथपर्यंत येतं. वर घरात येत नाही, पण दोन दिवस वीज नसते, खाली उतरता येत नाही. आई हे सांगणार नाही. तुम्ही मनीषाला सांगा."

"म्हणजे नदी दिसत नाही, पण घरी येऊन जाते."

"हो. आणि चप्पल घेऊन जाते," तो हसला.

परतीच्या गाडीत मला झोप नाही. सांगितलं तर जुळत आलेलं स्थळ मोडणार, लपवलं तर दर पावसाळ्यात बहीण आठवणार. मामा असते तर नळ सोडून बघितला असता, जेवून परतले असते.

घरी सगळ्यांसमोर रेघेसकट सांगितलं. मनीषानं विचारलं, "रेघ तुला सापडली का त्यांनी दाखवली?"

"त्यानंच दाखवली."

ती माझी हिशेबाची वही ओढून वाचू लागली:

प्रवास जाता-येता ५००, पेढे २००, चहा ६०. एकूण ७६०. देणं: विशालचे रिक्षाचे ४०.

"हे चाळीस तू नको धाडू दादा," ती म्हणाली, "मी जाताना घेऊन जाते."