छोटी बाटली, ताजी बियर

माझ्या वडिलांचं पुण्यात दुधाचं दुकान होतं. दूध, दही, चक्का, खवा. त्यामुळे नासलेल्या मालाचा वास मला लहानपणापासून दारातूनच कळायचा. हे नाक पुढे दुबईत बियरच्या गोदामात कामाला येईल असं मात्र आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न करून मी दुबईला आले. नवरा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनीअर होता आणि आम्ही अल कुसैसला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. वर्षभर नोकरी शोधली आणि शेवटी एका कंपनीचा फोन आला. ती हॉटेलांना परदेशी पेयं पुरवायची. ज्यूस, मिनरल वॉटर, वाइन आणि बियर. क्वालिटी आणि स्टॉक बघायला माणूस हवा होता. मुलाखत घेणारा जनरल मॅनेजर स्कॉटलंडचा, उंच आणि कमी बोलणारा. त्याने विचारलं, "बियरबरोबर काम करायला तुमची काही हरकत?"

"बियरची हरकत नाही," मी म्हणाले. "शिळ्या बियरची आहे."

तो हसला आणि मला नोकरी मिळाली. वाक्य सहज तोंडून गेलं होतं. त्याचा पुरता अर्थ मला कित्येक वर्षांनी कळला.

पहिल्या वर्षात मी बियर चाखायला शिकले. एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, लिहायचं, पुढची बाटली. उन्हात राहिलेल्या हिरव्या बाटलीतली बियर उग्र वास मारते, जुनी झालेली बियर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, हे मला तिथे कळलं. बियर टिकते असा सगळ्यांचा समज असतो. खरं तर ती दुधाची लांबची बहीण आहे. उष्णता, ऊन आणि हवा, तिघांशीही तिचं वाकडं.

आमच्या ओळखीतले काही जण शुक्रवारच्या सुट्टीत शेजारच्या अजमानला जाऊन बियर आणायचे, कारण तिथे दारूचं लायसन्स विचारत नसत. परत येताना मधे शारजा, तिथे दारूला पूर्ण बंदी, म्हणून डिकीत चादरीखाली लपवलेली. त्या डिकीत ऑगस्टच्या दुपारी हात घातला तर पोळायचा. मग आमच्याकडे जेवायला आले की तीच बियर फ्रीजमध्ये गार करून, "वहिनी, मस्त आहे ना?" मी नवऱ्याकडे बघायचे आणि तो डोळ्यांनीच सांगायचा, गप्प बस.

मराठी मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, "तू नक्की काय करतेस गं?" सुरुवातीला मी "बेव्हरेजेस" म्हणायचे. एकदा माझी पाच वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली, "आई checks beer. If it's bad, she says no." मग एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "बरंय की, कुणीतरी नाही म्हणणारं हवंच." त्या दिवसापासून मी सरळ बियर म्हणायला लागले.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या जनरल मॅनेजरने बेल्जियममधल्या एका लहानशा ब्रूअरीची बियर आणायला सुरुवात केली. एका कुटुंबाची ब्रूअरी, आजोबांपासून चालत आलेली. तेव्हा दुबईत क्राफ्ट बियर हा शब्द कुणी वापरत नसे, सगळे "ती बेल्जियमची महाग बियर" म्हणत. ती यायची शॅम्पेनसारख्या मोठ्या बाटलीत, पाऊण लिटरची, बूच आणि वर तार. देखणी बाटली. आणि ती कुठेही खपत नव्हती.

का खपत नाही हे बघायला मी संध्याकाळी एका हॉटेलच्या बारमध्ये जाऊन बसले. एकटी बाई, साडी नेसलेली, समोर लिंबूपाणी. बारमन घाबरून दोनदा विचारून गेला. तिथे मला दिसलं ते असं. एकट्या गिऱ्हाइकाला पाऊण लिटर जास्त होतं. बिल साठ दिरहम, म्हणजे तेव्हाचे सातशे रुपये. तो दचकायचा आणि साधी बियर मागायचा. म्हणून बारमन मोठी बाटली उघडून ग्लासने विकायचा. पहिला ग्लास छान जायचा. तिसऱ्या ग्लासापर्यंत फेस बसलेला, बियर मिळमिळीत. ज्याला तो तिसरा ग्लास मिळाला तो पुन्हा ती बियर मागणार नव्हता.

त्याच महिन्यात वडील आमच्याकडे राहायला आले होते. आई गेल्यानंतर प्रथमच. माझं काम त्यांना फोनवर कधी नीट सांगितलं नव्हतं. ते माळकरी नव्हते, पण आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. एका संध्याकाळी अब्राने खाडी ओलांडताना, होडीच्या फळीवर शेजारी बसून, मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ते परत जाईपर्यंत माझ्याशी बोलणार नाहीत.

"किती दिवस टिकतो तुझा माल?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. थंड ठेवला तर बरेच महिने, उन्हात ठेवला तर काही आठवडे.

"आणि बाटली केवढी?"

पाऊण लिटर म्हटल्यावर ते माझ्याकडे वळले. "अगं, मी चक्का पावशेरात का विकत होतो? किलोभर नेणारं गिऱ्हाईक चार दिवस खायचं, आणि चौथ्या दिवशीचा आंबट चक्का माझ्या नावावर जायचा. पावशेर नेणारा त्याच रात्री संपवायचा. भाव किलोमागे जास्तच पडायचा, पण कुणी तक्रार केली का?"

होडी बर दुबईच्या धक्क्याला लागली. आम्ही उतरलो, मीना बाजारात माझ्यासाठी कापड बघितलं आणि दुकानदाराशी वडिलांनी भावावरून हिंदीत हुज्जत घातली. पण मला मात्र रात्रभर पावशेर चक्काच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी जनरल मॅनेजरला म्हणाले, "छोटी बाटली मागवू या. तीनशे तीस मिली. एका माणसाची, एका बैठकीची. अठ्ठावीस दिरहमला विकता येईल. लिटरमागे हॉटेलला जास्तच मिळेल आणि गिऱ्हाईक दचकणार नाही. आणि एक कंटेनर वर्षभर पुरवण्याऐवजी थोडा थोडा माल सारखा आणू, थंड कंटेनरमधून. बाटलीवर भरल्याची तारीख पुढच्या बाजूला."

"थंड कंटेनर महाग पडतो," तो म्हणाला.

"न विकलेली बियर त्याहून महाग पडते."

बेल्जियमच्या ब्रूअरीच्या मालकाला फोन लावला तेव्हा तो नाराज झाला. माझी बियर छोट्या बाटलीत? पुढच्या बाजूला तारीख, दुधाच्या पिशवीसारखी? मी म्हणाले, "हो, अगदी तशीच." मग तो म्हणाला, "आमच्या गावात आम्हीही छोटीच पितो. मोठी पाहुण्यांसाठी." आणि तयार झाला.

एका मोठ्या हॉटेलच्या लेबनीज मॅनेजरला ही कल्पना फार आवडली. समुद्राकडचं नवं गच्चीवरचं रेस्टॉरंट तो उघडणार होता आणि मेन्यूत पहिल्या पानावर आमची बियर. "यल्ला मदाम, लवकर पाठवा!"

माल सप्टेंबरच्या सुरुवातीला आला. गोदामात कार्टन उतरवत होते तेव्हा मी नेहमीप्रमाणे हात लावून बघितला आणि माझा हात तिथेच थांबला. कार्टन कोमट होता. दुसरा, तोही. आतून काढलेला, तोसुद्धा. वाटेत कुठेतरी कंटेनरचं कूलिंग बंद पडून राहिलं होतं. मी एक बाटली गार करून उघडली. फेस चांगला, रंग चांगला. घोट घेतला. अगदी शेवटी, जिभेच्या मागच्या बाजूला, ओला पुठ्ठा.

जनरल मॅनेजर आला. त्याच्यासमोर मी ही आणि ब्रूअरीकडून आधी आलेली, कोल्ड रूममध्ये ठेवलेली नमुन्याची बाटली, दोन्ही ओतल्या. त्याने दोन्ही चाखल्या. "फरक आहे, पण थोडा आहे. अर्ध्या भावात क्लब घेतील."

"आज थोडा आहे. महिन्याभरात कुणालाही कळेल. आणि लोक अर्ध्या भावाची बियर म्हणून नाही, आपली बियर म्हणून लक्षात ठेवतील. छोटी बाटली, थंड माल, पुढे तारीख, हे सगळं आपण कशासाठी केलं? मी या मालावर सही करणार नाही."

नोकरी गेली तर मुलीच्या शाळेची फी, घरभाडं, सगळं नवऱ्यावर येणार होतं. जनरल मॅनेजर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं दुबईत राहून तो एकच अरबी शब्द नीट बोलायचा.

"खलास," तो म्हणाला. "फेकून द्या. हॉटेलला तुम्हीच सांगा."

लेबनीज मॅनेजर आधी भडकला. मेन्यू छापून झाला होता. मी त्याला सगळं सांगितलं, न लपवता. तो ऐकत गेला तसा त्याचा आवाज खाली आला. "हबीब्ती," तो शेवटी आपुलकीने म्हणाला, "पंधरा वर्षं मी हॉटेलात आहे. माझा माल खराब आहे, घेऊ नका, असं सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं. ती जागा मी रिकामी ठेवतो. इन्शाल्ला, चांगला माल येईल."

माल नष्ट करायला म्युनिसिपालिटीच्या माणसांसमोर शहराबाहेर नेला. मी गेलेच पाहिजे असं नव्हतं, पण गेले. यंत्राने कार्टन चिरडले, फेस वाळूत पसरला आणि क्षणात सुकला. उन्हात उभी राहून मी बघत होते. वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. ताठ उभी होते. पुण्याला फोन करून वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दूध नासलं की मोरीत. दुसरं काय करायचं असतं?" आणि मग, जरा थांबून, "तू केलंस हे बरं केलंस."

नवा माल नोव्हेंबरमध्ये आला. कार्टनना हात लावला तर बोटं गारठली. गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये तो पहिल्या आठवड्यातच संपला आणि मग दुसऱ्या हॉटेलांचे फोन सुरू झाले. प्रत्येक जण आधी तारीख विचारायचा. तारीख विचारायची सवय त्यांना आम्हीच लावली होती.

पुढच्या वर्षी ब्रूअरीचा मालक स्वतः दुबईला आला. सत्तरीचा, जाड चष्म्याचा, उकाड्याने लाल झालेला. आम्ही त्याला गच्चीवर घेऊन गेलो. त्याने छोटी बाटली हातात घेतली, आधी तारीख वाचली, मग स्वतः उघडून ग्लासात ओतली. अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "ही कोण सांभाळतं?"

जनरल मॅनेजरने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारा खुर्ची मागे सारून उठला. साडीतली बाई बघून तो क्षणभर गोंधळला, मग त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"आमच्या गावातल्या दुकानात अशीच लागते," तो म्हणाला. "अगदी अशीच."

मी थँक यू म्हणाले. त्याने बसून उरलेली बियर सावकाश संपवली आणि वेटरला आणखी एक आणायला सांगितली.